पत्र्याचा कोपरा : शहापूर-मुरबाडच्या एका हस्तकसबाचा इतिहास

वसंत व्याख्यानमालेत इतिहासाचे पुष्प गुंफावयाचे म्हटले म्हणजे वक्ता बहुधा किल्ल्यावर चढतो. आपल्या या दोन तालुक्यांत त्याला चढण्यासारखे पुष्कळ आहे. शहापूरकरांना माहुली आहे. मुरबाडकरांना नाणेघाट आहे. आणि जेथे २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल व हिराजी पाटील हुतात्मे झाले तो सिद्धगड आहे. या स्थळांवर अधिकाराने बोलणारे विद्वान आहेत आणि त्यांचे आम्ही ऋणी आहोत. आमचे शाळेचे शिक्षण बेताचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात आणि कारखान्यांच्या दारावरील सभांत. अर्धे आयुष्य कामगार संघटनेच्या कामात गेले, म्हणून इतिहासाकडे पाहताना आमची नजर आधी हातांकडे जाते. आज आम्ही विषय घेतला आहे तो पत्र्याच्या कोपऱ्याचा.

हसू येणे साहजिक आहे. पण आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी पत्र्याची एखादी जुनी वस्तू असेलच : धान्याची कोठी, लग्नात आलेली पेटी, पागोळीखालचे पन्हाळ, निदान पिठाचा डबा. तिचा कोपरा बोटाने चाचपून पाहावा. बोटाला खरचटते का, फट लागते का, गंज कोठून सुरू झाला आहे, एवढे पाहिले तरी ती वस्तू कोणी आणि किती मन लावून केली हे कळते. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, पत्र्याच्या वस्तूची किंमत पत्र्यापेक्षा कोपऱ्यात अधिक असते. आणि तो कोपरा घडविणाऱ्या हाताला आपल्या भाषेने, बाजाराने आणि कायद्यानेही पुरते मोजले नाही.

आरंभ शब्दापासून करू. ‘पत्रा’ हा शब्द संस्कृत ‘पत्र’ म्हणजे पान यापासून आला. पत्रावळीतही तेच पान आहे. हे नाते केवळ शब्दाचे नाही. आपल्या भागात ठाकूर, कातकरी, महादेव कोळी या समाजांतील माणसे पळसाच्या पानाचा द्रोण करतात तो पाहावा. पान कापीत नाहीत. कडा वर उचलतात, कोपऱ्यावर जास्तीचे पान चिमटीत धरून दुमडतात, बाजूला चिकटवून बसवितात आणि चोयीने टोचतात. पान कोठे फाटलेले नसते, म्हणून आमटी गळत नाही. पत्र्याचा न कापता घडविलेला कोपरा म्हणजे नेमकी हीच कृती. चोयीच्या जागी मुडपलेली कड येते एवढाच फरक. ज्या हातांना आपण अडाणी म्हणत आलो, त्यांना भूमितीतले हे कोडे पिढ्यान्पिढ्या सुटलेले होते.

धातूचा पत्रा ठोकण्याची विद्याही या जिल्ह्याला नवी नाही. नवव्या ते तेराव्या शतकाच्या काळात उत्तर कोकणावर शिलाहार राजांची सत्ता होती आणि ठाणे ही त्यांची राजधानी होती. त्या काळची दाने तांब्याच्या पत्र्यांवर कोरून देत. जुन्या ताम्रपटांच्या कडा पुष्कळदा किंचित उंचावलेल्या आढळतात. हेतू असा की, एका कडीत ओवलेले पत्रे एकमेकांवर घासून मधली अक्षरे झिजू नयेत. त्या अक्षरांत राजाचे नाव असते, दान घेणाऱ्याचे नाव असते, गावाच्या चतुःसीमा असतात. कडेविषयी एक शब्दही नसतो. बाकीचे शब्द मात्र तिच्यामुळे टिकले.

हे तांब्याचे झाले. तांबे महाग, म्हणून ते राजाच्या आणि देवाच्या घरी. लोखंडाचा पातळ पत्रा गरिबाच्या दारात आला तो आगगाडीने. १८२९ साली लंडनच्या हेन्री पामर नावाच्या अभियंत्याने पन्हाळी पत्र्याचे पेटंट घेतले; १८३७ साली फ्रान्समध्ये सोरेल याने लोखंडाला जस्ताचा थर देण्याच्या कृतीचे घेतले. इकडे मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८५४ साली कल्याणला, १८५५ साली वासिंदला आणि १८६१ साली कसाऱ्याला पोचला; थळघाट चढून इगतपुरीला जाण्यास १८६५ साल उजाडले. शहापूर तालुक्याच्या अंगणातून गाडी गेली. मुरबाडला ती आजतागायत पोचलेली नाही. त्यामुळे मुरबाडचा माल कल्याणहून आधी बैलगाडीने आणि पुढे मोटारीने येत राहिला. जेथे माल पोचणे कठीण, तेथे जुनी वस्तू मोडून नवी करण्याची गरज अधिक, हे आम्ही वेगळे सांगावयास नको.

त्या काळी खेडोपाडी पोचलेला सर्वांत मोठा पत्रा म्हणजे घासलेटचा डबा. चार गॅलनचा, म्हणजे सुमारे अठरा लिटरचा, चौकोनी. या डब्याची एक गोष्ट जगाच्या व्यापाराच्या इतिहासात नोंदलेली आहे. अमेरिकेची स्टँडर्ड ऑइल कंपनी पूर्वेकडील देशांत निळ्या डब्यांतून तेल पाठवीत असे. लंडनच्या मार्कस सॅम्युअल या व्यापाऱ्याने खर्च वाचविण्यासाठी टाकीचे जहाज बांधविले. १८९२ साली त्याचे ‘म्युरेक्स’ जहाज सुट तेल घेऊन सुएझ कालव्यातून पूर्वेकडे आले. तेल स्वस्त पडले, पण गिऱ्हाईक खूष होईना. कारण लोकांना तेलाइतकाच डबाही हवा होता. अखेर सॅम्युअलला वेल्समधून कथलाचा मुलामा दिलेला पत्रा आणवून पूर्वेकडेच डबे करवावे लागले, आणि ते तांबड्या रंगाने रंगविले. एवढा मोठा व्यापारी ज्या गोष्टीपुढे नमला, ती गोष्ट म्हणजे आमच्या-तुमच्या आज्या-पणज्यांची काटकसर.

रिकाम्या डब्याचे काय होत नसे? वरचा पत्रा काढून कड मुडपली आणि आडवी दांडी ठोकली की पाण्याचा डबा. उभा चिरून सपाट केला की छपराचे ठिगळ. खिळ्याने भोके पाडली की चाळणी आणि किसणी. उरल्या तुकड्यांतून नरसाळे, माप, आणि वात घालून पेटविण्याची चिमणी. वीज येण्यापूर्वी या दोन तालुक्यांतील किती मुलांनी त्या चिमणीच्या उजेडात बाराखडी गिरविली असेल, याची गणती कोणी ठेवली नाही. आणि या सर्व उपकारांच्या बदल्यात मराठी भाषेने त्या डब्याला काय दिले? ‘टिनपाट’ हा शब्द आपण हलक्या माणसाला शिवीसारखा वापरतो. ‘टमरेल’ म्हटले की तोंड वाकडे करतो. हलके काय होते? पत्रा हलका होता. त्याला उपयोगी करणारी अक्कल हलकी नव्हती.

आता प्रत्यक्ष कोपऱ्याकडे येऊ. श्रोत्यांत गृहिणी आहेत, विद्यार्थी आहेत. म्हणून कृती बैजवार सांगतो. समजा, पाणी साठविण्याचे उथळ तबक करावयाचे आहे. २४ गेजचा, म्हणजे सुमारे ०.६ मिलिमीटर जाडीचा जस्ती पत्रा घेतला. गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, हे लक्षात ठेवावे. चारही बाजूंना भिंतीच्या उंचीइतकी रेघ मारली की प्रत्येक कोपऱ्यात एकेक चौकोन तयार होतो. सगळी गंमत या चौकोनात आहे.

सोपा मार्ग असा की चौकोन कापून टाकावा, भिंती उभ्या कराव्यात आणि सांधा डाख देऊन, म्हणजे कथील-शिशाचा रस ओतून, बंद करावा. काम लवकर होते. पण डाख कोळशाच्या शेगडीचा आश्रित; उष्णता लागली की सुटतो, धक्का बसला की तडकतो. शिवाय कापलेल्या कडेवर जस्त नसते. पावसाळा आला की गंज तेथूनच आत शिरतो.

दुसरा मार्ग द्रोणाचा. चौकोन कापायचा नाही. त्याच्या आतल्या टोकापासून बाहेरच्या टोकापर्यंत कर्ण आखायचा. दोन्ही भिंती थोड्या थोड्या उचलीत न्यायच्या आणि त्याच वेळी कर्णावर पत्रा बाहेरच्या बाजूस चिमटायचा. भिंती काटकोनात आल्या म्हणजे चौकोनाचा दुहेरी त्रिकोण होऊन तो कानासारखा बाहेर उभा राहतो. हा कान भिंतीला लावून सपाट बसवायचा आणि भिंतीची वरची कड त्याच्यावर मुडपून त्याला जखडून टाकायचे. पत्रा कोठेही तुटलेला नाही, म्हणून पाण्याला वाट नाही. डाख नको, खिळा नको, शेगडीही नको.

ऐकायला सोपे वाटते. हाताला घेतले म्हणजे कळते. कडेसाठी ठेवलेली पट्टी कानाच्या जागी आधीच छाटली नाही, तर कड मुडपताना तेथे पत्र्याचे इतके पदर गोळा होतात की कोपरा कधी बसतच नाही. जास्त छाटली तर कान मोकळा राहतो. रेघ टोकदार स्क्रायबरने खोल ओढली तर जस्त खरवडले जाते आणि पत्रा पुढे त्याच रेघेवर चिरतो. म्हणून जाणता कारागीर दुमडीच्या रेघेला पेन्सिल वापरतो. लोखंडी हातोड्याने ठोकले तर पत्रा ताणला जाऊन लाटा येतात. म्हणून लाकडी हातोडा. एकाच जागी जोराने मारायचे नाही. दोन अँगलांच्या मध्ये पत्रा पकडून या टोकापासून त्या टोकापर्यंत हलके ठोके देत जायचे, पुन्हा परत यायचे. काटकोनावर आणून सोडले तर पत्रा थोडा मागे उलगडतो. म्हणून किंचित पुढे न्यावा लागतो. किती पुढे, हे पत्र्याच्या जातीवर आणि जाडीवर. एका पुस्तकात आकडा सापडेल. हातातल्या पत्र्याला तो लागू आहे का, हे ठोक्याचा आवाज सांगतो.

आणखी एक गोष्ट. पत्रा वाकतो तेव्हा त्याचे बाहेरचे अंग ताणले जाते आणि आतले दाबले जाते. दुमड फार तीक्ष्ण केली तर बाहेरच्या अंगावरील जस्ताचा थर सूक्ष्म चिरांनी फुटतो. लाटणयंत्रातून निघालेल्या पत्र्याला लाकडासारखी एक दिशा असते. त्या दिशेला समांतर दुमडले तर चिरण्याचा धोका अधिक, आडवे दुमडले तर कमी. स्वच्छ कोपरा म्हणजे नुसता टोकदार कोपरा नव्हे. जो दिसायला नीट असून आतून किंचित गोल असतो, तोच टिकतो. सह्याद्रीच्या पायथ्याशी आपल्याकडे चार महिने जो पाऊस कोसळतो, त्याच्या परीक्षेत टोकदार कोपरे पहिल्या दोन-तीन वर्षांतच नापास होतात.

हे सर्व ज्ञान कोणाच्या मालकीचे? येथे इतिहास आमच्या धंद्याच्या जवळ येतो. १९२० साली जमशेदपूरजवळ गोलमुरी येथे बर्मा ऑइल आणि टाटा यांच्या भांडवलातून टिनप्लेट कंपनी स्थापन झाली, ती मुख्यतः घासलेटच्या डब्यांना लागणारा पत्रा देशातच करण्यासाठी. १९२२ साली तेथे माल निघू लागला. त्याच १९२० साली ३१ ऑक्टोबरला मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली भरले. एकाच वर्षी पत्रा स्वदेशी झाला आणि कामगारांची देशव्यापी संघटनाही जन्माला आली. दोघांची गाठ पडण्यास फार काळ लागला नाही. १९२९ साली गोलमुरीत संप झाला. तो महिनोन्महिने चालला. सुभाषचंद्र बोस यांनी त्याची बाजू घेतली. तरी तो यशस्वी झाला नाही. आपल्या स्वयंपाकघरातील डब्याच्या मागे असा एक हरलेला लढा उभा आहे, हे डबा वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक होते.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली किमान वेतनाचा कायदा झाला. ही मोठी गोष्ट होती आणि ती तशी मानलीच पाहिजे. त्या कायद्याखाली जी वेतनपत्रके निघाली त्यांत कामगारांची अकुशल, अर्धकुशल, कुशल अशी वर्गवारी असे. हातात यंत्र असेल तर कुशल म्हणवून घेणे सोपे. हातात नुसता लाकडी हातोडा असेल तर कठीण. ठाण्याच्या पट्ट्यातील एका कारखान्यात हाताने तबके करणाऱ्या कामगारांचा हा प्रश्न आमच्याकडे आला होता. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. असे पुष्कळ होते. व्यवस्थापनाचे म्हणणे असे की, ही माणसे मदतनीस आहेत, पत्रा वाकविणे म्हणजे काही कसब नव्हे. आम्ही वाद घातला नाही. एका कामगाराने केलेले तबक पाणी भरून चर्चेच्या टेबलावर कोऱ्या कागदावर ठेवले आणि म्हटले, कागद ओला होईपर्यंत दुसऱ्या मागण्यांवर बोलू. संध्याकाळ झाली, कागद कोरडाच होता. तरीही करार होण्यास दीड वर्ष लागले. त्यात कोपरा काढणाऱ्यांना कुशल श्रेणी मिळाली. पुढे त्या कामाला यंत्र आले, माणसे एकेक करून निवृत्त झाली आणि ती श्रेणीही त्यांच्याबरोबरच संपली.

यंत्राला आम्ही शत्रू मानीत नाही. पत्रा मुडपण्याचे यंत्र एका दाबात जी सरळ दुमड देते ती हाताला तासभर मिळत नाही. पण यंत्राचा न्याय पुरता पाहिला पाहिजे. प्रेसखाली बोटे गमावलेल्या माणसांच्या नुकसानभरपाईचे अर्ज लिहिण्यात आमची अनेक वर्षे गेली. भरपाईच्या कोष्टकात प्रत्येक बोटाला, बोटाच्या प्रत्येक पेराला टक्के ठरलेले असतात. आम्हाला नेहमी वाटत आले की, ज्या बोटांची किंमत तुटल्यावर इतक्या बारकाईने मोजता येते, ती बोटे शाबूत असताना त्यांच्यातल्या कसबाची किंमत मोजता येऊ नये, हे कसे?

आता आपल्या तालुक्यांचे आजचे चित्र पाहा. १९८२ च्या सुमारास वासिंद येथे जिंदाल समूहाचा पोलादी पत्र्याचा कारखाना उभा राहिला. ज्या स्थानकावर १८५५ साली आगगाडी आली, त्याच गावी आज जस्ताचा आणि रंगाचा थर दिलेला पत्रा तयार होतो. मुरबाडच्या औद्योगिक क्षेत्रात तेलाच्या व रसायनांच्या पोलादी पिंपांची बुचे आणि झाकणाच्या कड्या तयार होऊन परदेशी जातात. पत्रा आता परका राहिलेला नाही. तो आपल्याच शिवारात पिकतो. पण घराघरातील पत्र्याची जागा प्लास्टिकने घेतली. पौष पौर्णिमेला म्हशाच्या जत्रेत जाणाऱ्यांनी बादल्या-डब्यांच्या दुकानांकडे एकदा या नजरेने पाहावे. हाताने काम करणारा पत्रेवाला उरला आहे तो पन्हाळी, कोठ्या, चुलीवरची धुराडी आणि आश्रमशाळेत निघालेल्या मुलांच्या पेट्या यांच्या आधारावर. आणि तो बहुधा वयस्कर आहे.

त्याच्यासाठी काय आहे? १९५० पासून कारागीर प्रशिक्षणाची योजना आहे, १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या व्यवसायांत पत्रा कारागिराचा व्यवसायही आहे. पण ही दारे शाळा शिकलेल्या तरुणासाठी उघडतात. ज्याला विद्या आधीच येते त्या म्हाताऱ्याला ती शिकविणारा म्हणून आत घेत नाहीत. १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने पारंपरिक कारागिरांसाठी विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्या यादीत अठरा व्यवसाय आहेत : सुतार आहे, लोहार आहे, कुलूप करणारा आहे, हातोडे-अवजारे करणारा आहे, कुंभार, चांभार, शिंपी, न्हावी, टोपल्या विणणारा आहे. सर्वांना मिळावे ते मिळोच. पण त्या अठरा नावांत पत्रेवाल्याचे स्वतंत्र नाव नाही. त्याने अर्ज करावयाचा तर लोहार म्हणवून घ्यावे लागेल. लोहार तापवून घडवितो, पत्रेवाला थंड पत्र्याशी बोलतो; विद्या वेगळी, हत्यारे वेगळी. जातीच्या धंद्यांच्या जुन्या यादीत हा व्यवसाय नव्हता, कारण तो घासलेटच्या डब्याबरोबर जन्मला आणि अनेक जातिधर्मांच्या गरजू हातांनी उचलला. आमच्या दृष्टीने हा त्याचा मोठेपणा आहे. यादीच्या दृष्टीने तो त्याचा दोष ठरला.

म्हणून या व्यासपीठावरून तीन गोष्टी सुचवितो. पहिली आपल्या वाचनालयांना : आपल्या गावातील जुन्या पत्रेवाल्याला बोलवावे, त्याच्याकडून एक कोपरा करवून घ्यावा, आणि मापे, क्रम, हत्यारे, त्याचे शब्द हे सर्व लिहून ठेवावे. माणूस गेल्यावर सत्कार करण्यापेक्षा हे काम सोपे आहे. दुसरी आपल्या लोकप्रतिनिधींना : सरकारी यादीत पत्रा कारागिराचे नाव स्वतंत्रपणे यावे आणि प्रशिक्षण संस्थांत अशा माणसाला मानधनावर हाताची विद्या शिकविता यावी, एवढी मागणी त्यांनी लावून धरावी. यासाठी मोठा निधी लागत नाही.

तिसरी गोष्ट आपल्या सर्वांसाठी. पेटी किंवा कोठी घेताना आपण पत्र्याचे वजन पाहतो, रंग पाहतो आणि भाव पाडतो. पुढच्या वेळी कोपरा पाहावा. तो न कापता दुमडलेला असेल, कान नीट बसलेला असेल, बोटाला धार लागत नसेल, तर भाव न पाडता सांगितलेले पैसे द्यावेत. त्याच्या मजुरीतला जो भाग आजवर कोणत्याही पत्रकात आला नाही, तो तेवढ्यापुरता तरी त्याच्या हातात पडेल.